टोपलीतून निघालेली मुलगी आणि जगाची फेरी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पंचवीस वर्षांत या आवारात भाषणं बरीच झाली. पाण्याच्या टाकीवर झाली, पार्किंगवर तर विचारूच नका. मला सचिवसाहेबांनी सांगितलं, "मॅडम, तुम्ही भूगोलाच्या. काहीतरी माहितीपूर्ण बोला, अर्धा तास." विषय मात्र मी माझा निवडला आहे, आणि तो का निवडला हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. गेले दोन महिने आपल्या जिन्यांमध्ये एकच चर्चा आहे. अ विंगमधलं एक जोडपं आपल्या दोन्ही मुलांना घेऊन दहा महिन्यांसाठी जगप्रवासाला निघतंय. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊचा. नोकरीतून बिनपगारी रजा, नागपूर रोडवरचा प्लॉट विकलेला, आणि शाळा? शाळा वाटेतच, असं त्यांचं म्हणणं.

ब विंगमधल्या आमच्या आजी परवा मला लिफ्टपाशी म्हणाल्या, "लेकरायची शाळा बुडवून जगभर कायले फिरायचं बाप्पा? अन् परत आल्यावर त्यायले कोन घेईन शाळेत?" प्रश्न साधा आहे, पण टाळण्यासारखा नाही. म्हणून आज त्याच प्रश्नावर बोलते. मात्र त्या जोडप्यावर नाही बोलत. ते इथेच बसलेत, लाजतील. मी एका जुन्या कुटुंबाची गोष्ट सांगते. त्या कुटुंबाने हा प्रयोग एकदा नाही, दोन पिढ्या केला.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय. शाळेत धडा होता, दोन ओळींचा. विधवांसाठी शारदा सदन काढलं, केडगावला मुक्ती मिशन काढलं, धर्मांतर केलं, वाद झाला. संपला धडा. पण त्या बाई वाढल्या कशा, शिकल्या कशा, हे पाहिलं की धडा निराळाच दिसतो.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. तरुणपणी पुण्यात शिकत असताना त्यांनी आपल्या गुरूंना पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवताना पाहिलं. बाई संस्कृत म्हणते! त्या काळात हे ऐकूनच लोक कानावर हात ठेवत. शास्त्रीबुवांच्या मनात मात्र तेव्हाच ठरलं, आपण आपल्या बायकोला शिकवायचं. पुढे त्यांनी दुसऱ्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, खरोखरच शिकवलं. जातभाईंनी गहजब केला. उडुपीला धर्मपीठापुढे त्यांना जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्रातलेच आधार काढून दाखवले. नंतर पश्चिम घाटात, गंगामूळच्या रानात, त्यांनी आश्रम थाटला. तिथे २३ एप्रिल १८५८ ला रमाबाईंचा जन्म झाला.

आश्रमात येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालता घालता पैसा संपला. मग सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. रमाबाई तेव्हा सहा महिन्यांच्या होत्या. त्यांना वेताच्या टोपलीत घालून, ती टोपली डोक्यावर घेऊन डोंगराखाली आणलं. आपलं यात्रेकरूचं आयुष्य तिथून सुरू झालं, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे. टोपलीतून निघालेली ती मुलगी पुढे पोटच्या मुलीला घेऊन समुद्रापार गेली, आणि पृथ्वीला पूर्ण फेरी घालून परत आली. त्याच्याकडे येतेच.

वडील, आई, मोठी बहीण, भाऊ श्रीनिवास आणि ही धाकटी. गावोगाव देवळात बसायचं, पुराण सांगायचं. श्रोते धान्य देत, कापड देत, चार पैसे देत. घर नाही. पण शाळा रोज भरत होती! वडील म्हातारे झालेले, म्हणून शिकवायचं काम आईकडे आलं. आई पहाटे, घरकाम सुरू व्हायच्या आधी, लेकीला उठवून मांडीपाशी घ्यायची आणि पाठ द्यायची. आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत हा क्रम चालला. पुस्तक हातात न देता, तोंडी. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक मुलीला पाठ होते. आपल्या इथे बारा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या आईचा मोबाईल नंबर पाठ नसतो (हसू नका, मी विचारून पाहिलंय).

आता कोणी म्हणेल, झालं, सिद्ध झालं. प्रवासात मुलं जास्त शिकतात. थांबा जरा.

शास्त्रीबुवांनी मुलांना संस्कृत सोडून दुसरं काही शिकू द्यायचं नाही असं ठरवलेलं होतं. ना इंग्रजी, ना हिशेब, ना हाताचं कसलं काम. अख्खा देश पायाखालून गेला, पण अंगी एकही असं कसब आलं नाही की ज्यावर पोट भरेल. मग दुष्काळ आला. पुराण ऐकायलाच लोक उरले नाहीत, द्यायचं कुठून? होतं नव्हतं ते विकलं, भांडी विकली. हलकं काम करायची लाज वाटे, भीक मागायची त्याहून जास्त. काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला पुरती माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ, आणि चौथी रमा. ती ठेंगणी. खांदा पुरेना म्हणून तिने आईचा भार डोक्यावर घेतला. मसणवटा तिथून तीन मैलांवर.

हे मी मुलांसमोर सांगावं की नाही, याचा दोनदा विचार केला. सांगितलं, कारण फिरस्तीच्या गोष्टी आपण नेहमी अर्ध्याच ऐकतो. फोटोतला सूर्यास्त दिसतो, ताप आलेलं पोर दिसत नाही.

आणि इथे मला आपलं वर्धा आठवतं. रमाबाई गेल्यानंतर पंधरा वर्षांनी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला, याच शहरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. निमित्त काय होतं ठाऊक आहे? मारवाडी शिक्षण मंडळाच्या शाळेचा रौप्यमहोत्सव! रौप्यमहोत्सवात नुसती जेवणावळ होते असं नाही, सचिवसाहेब. त्या परिषदेतून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीम देशापुढे आली. सात वर्षांचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि हाताच्या उद्योगाभोवती गुंफलेलं. शास्त्रीबुवांच्या मुलांना जे मिळालं नाही नेमकं तेच. सूत कातता कातता गणित, शेतात राबता राबता भूगोल. मी जन्मभर भूगोल शिकवला तो नकाशाच्या दोरीला लटकवून. तरी सेवाग्रामच्या या कल्पनेबद्दल मला कायम आदर वाटत आला.

पण तिथेही दोन्ही बाजू आहेत. महादेवभाई देसाईंचा मुलगा नारायण आश्रमात वाढला, शाळेत जायचं नाकारलं आणि माणसांमध्ये राहून, प्रवासातून, कामातून शिकला. म्हातारपणी गावोगाव गांधीकथा सांगणारे नारायणभाई ते हेच. आणि दुसरीकडे खुद्द बापूंचे थोरले चिरंजीव हरिलाल. विलायतेला जाऊन शिकायची त्यांची इच्छा होती, वडिलांनी ती मानली नाही, आणि ती सल बापलेकांमध्ये शेवटपर्यंत राहिली. आईवडिलांचा प्रयोग मुलाला पेलतो की नाही, हे मुलाला विचारल्याशिवाय कळत नाही. वर्धेकरांना हे निराळं सांगायला नको.

बरं, रमाबाईंकडे परत येऊ. भाऊ आणि बहीण दोघंच उरली. पायी चालत काश्मीरपर्यंत गेली, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेतली आणि चकित होऊन वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पहाटेच्या पाठांचं चीज झालं ते असं, पण आई बघायला नव्हती. १८८० मध्ये भाऊही गेला. रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. वय तेवीस, कडेवर दहा महिन्यांचं मूल.

आपण काय केलं असतं? मी तर माहेर गाठलं असतं. यांना माहेरच नव्हतं. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली की या देशात स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षक हवेत. आणि मग ठरवलं की आपण स्वतः विलायतेला जाऊन शिकायचं. पैसा? 'स्त्रीधर्मनीति' नावाचं पुस्तक लिहिलं, त्याच्या पैशातून बोटीचं भाडं उभं केलं. अ विंगच्या जोडप्याला प्लॉट तरी होता!

एप्रिल १८८३. दोन वर्षांच्या मनोला घेऊन बोट निघाली. त्याच महिन्यात कलकत्त्याहून आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या होत्या, नवऱ्याशिवाय. एकाच महिन्यात दोन मराठी मुली समुद्र ओलांडतात, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. सुएझ कालवा सुरू होऊन तेव्हा चौदाच वर्षं झाली होती.

इंग्लंडमध्ये वॉन्टेज गावात जोगिणींच्या मठात त्या उतरल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कानांनी दगा दिला, ऐकू कमी येऊ लागलं. तो नाद सोडावा लागला. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात स्वतः शिकल्या आणि तिथल्या मुलींना संस्कृतही शिकवलं. धर्मांतर तिथेच झालं. त्यावर आपल्याकडे इतकं बोललं गेलं आहे की मी आज त्यात शिरत नाही. माझं लक्ष त्या लहानग्या मनोकडे आहे.

फेब्रुवारी १८८६ मध्ये मायलेकी लिव्हरपूलहून अमेरिकेला निघाल्या. निमित्त आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाचं. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या तेव्हा रमाबाई सभागृहात होत्या. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या बाई तिथे अडीच वर्षांहून जास्त राहिल्या. का? शिकण्यासारखं इतकं दिसलं म्हणून. फिलाडेल्फियातच त्यांनी बालोद्यानाची, म्हणजे आपण ज्याला केजी म्हणतो त्याची, पद्धत शिकून घेतली. इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं, १८८७ मध्ये ते निघालं. गावोगाव व्याख्यानं दिली. बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं, त्या मंडळाने भारतातल्या विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं.

पण या धावपळीत मनोचं काय? काही महिन्यांनी मुलीला परत वॉन्टेजला पाठवावं लागलं. सहा वर्षांचंही नव्हतं ते पोर. मठातल्या एका वडीलधाऱ्या जोगिणीला मायलेकी मराठीत 'आजीबाई' म्हणत, त्या आजीबाईंनी तिला सांभाळलं. आई पत्रं लिहायची, लेकीला गंमत वाटेल अशी. दिवसभर सभा, आगगाडी, लोकांचे प्रश्न, आणि रात्री मुलीला पत्र. लेकीच्या वाढण्यावरून आजीबाईंशी तिचे खटकेही उडत. मनोला कोण वळण लावणार, हा हक्क आईचा, यावर रमाबाई अडून बसल्या. विलायतेत वाढली तरी आपण हिंदुस्थानची लेक आहोत याची तिला कधी लाज वाटू नये, हे त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर या सगळ्या जगप्रवासाची खरी किंमत त्या पत्रांत आहे. बोटीचं भाडं पुस्तक विकून फिटलं, हे कशाने फिटणार?

म्हणून मी अ विंगच्या आईला इथेच सांगते. पोरांना बरोबर नेताय ना, मग शेवटपर्यंत बरोबरच ठेवा. मधेच अडचण आली आणि एकाला इकडे पाठवून द्यायचा विचार आला, तर सगळेच परत या. आम्ही कोणी हसणार नाही. हसलं तर माझ्याकडे पाठवा.

आता भूगोल. मुलांनो, इकडे लक्ष द्या. रमाबाई अमेरिका ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या, तिथून बोटीने जपान, मग हाँगकाँग, आणि १८८९ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुंबईत उतरल्या. हिंदुस्थानातून पश्चिमेला निघून पश्चिमेकडेच जात राहिल्या आणि पूर्वेकडून घरी आल्या. म्हणजे पृथ्वी गोल आहे हे त्यांनी अंगाने सिद्ध केलं. आणि आणखी एक गंमत. पॅसिफिकमध्ये वाररेषा पश्चिमेकडे ओलांडली की कॅलेंडरातला एक दिवस गळतो. सोमवारी झोपलात तर उठता बुधवारी. ऐंशी दिवसांत जगाला फेरी घालणारा ज्यूल व्हर्नचा तो नायक पूर्वेकडे गेला म्हणून त्याला एक दिवस जास्तीचा मिळाला. अ विंगची आपली मुलं कुठल्या दिशेने जाणार, त्यांचा दिवस वाढेल की गळेल, ते घरी गोल घेऊन बघा आणि उद्या मला सांगा. बरोबर सांगणाऱ्याला संत्रागोळी.

आल्या आल्या रमाबाईंनी काय केलं? ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. बरोबर तीन वर्षांपूर्वी याच तारखेला आनंदीबाईंना पदवी मिळाली होती. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, महर्षी कर्व्यांच्या पत्नी. त्याच वर्षी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झालं. प्रवासवर्णन म्हणून उघडाल तर फसाल. तिथली शाळा कशी चालते, बायका संस्था कशा चालवतात, घरात कामं कशी वाटलेली असतात, मूळच्या रहिवाशांवर आणि काळ्या लोकांवर तिथे अन्याय कसा झाला, सगळं त्यात आहे. बाईंनी अमेरिकेचं कौतुक केलं, पण डोळे मिटून नाही.

आठ वर्षांनी दुष्काळ पुन्हा आला. १८९६-९७ चा. तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात आल्या. आपला वर्धा जिल्हाही तेव्हा त्याच प्रांतात होता. अन्नाला मोताद झालेल्या मुली आणि बाया त्यांनी गोळा केल्या आणि केडगावला नेल्या. तिथे वाचण्यालिहिण्याबरोबर विणकाम, शेती, छपाई शिकवली. उपाशी पोटी संस्कृत श्लोक कामी येत नाहीत, हे त्या लहानपणीच शिकल्या होत्या.

मनोरमा परत आली, पुढेही परदेशात शिकून आली, मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली, आईच्या शाळेची मुख्य झाली, १९१२ मध्ये गुलबर्ग्याला शाळा काढली. १९२१ मध्ये ती आईच्या आधीच गेली. त्यानंतर नऊ महिन्यांत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या.

आता आजींचा प्रश्न. शाळेत कोण घेईन? आजी, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यायचा नियम आहे, आणि मागे राहिलेलं भरून काढायला खास शिकवणीचीही तरतूद आहे. त्यामुळे धाकट्याची काळजी नको, तो पाचवीत बसेल. मुलीचं जरा नीट पाहावं लागेल. तिची आठवी बुडते, आणि आता पाचवी-आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आहेत. नववी तर त्या कायद्याच्या बाहेरच गेली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा 'क' स्तर आठवीच्या बरोबरीचा धरतात, तो एक मार्ग आहे. निघायच्या आधी मुख्याध्यापकांना भेटून सगळं लेखी घ्या. तोंडी आश्वासन दहा महिन्यांनी कोणालाच आठवत नसतं.

बाकी कागदपत्रं तुम्ही बघितलीच असतील. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तारीख तपासा. आफ्रिकेत जाणार असाल तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी टोचून घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टात ठेवा. नाहीतर येताना मुंबईच्या विमानतळावर सहा दिवस वेगळं ठेवतील आणि आजी म्हणतील, "म्या सांगतलं होतं."

शेवटी एक मागणं आहे, माझं स्वतःचं. दोन्ही मुलांनी दर पंधरा दिवसांनी एक पत्र पाठवायचं. मोबाईलवर नाही, पोस्टाने, शिक्का मारलेलं, मराठीत. ते आपल्या नोटीस बोर्डावर लागेल, पाणीपट्टीच्या थकबाकीदारांच्या यादीशेजारी. आणि ब विंगच्या आजींनी, ज्यांना चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही, त्यांना ते रोज संध्याकाळी कोणी वाचून दाखवायचं याची पाळी मी लावून देते. पहिली पाळी सचिवसाहेबांची.

सचिवसाहेब घड्याळ दाखवतायत. पुऱ्या गार होतायत म्हणे. थांबते.